त्यात काय एवढं

सुनावणी अकराला, व्हिडिओवर.
साखर पेठ, झेरॉक्सच्या दुकानावरची माझी खोली,
लॅपटॉपशेजारी सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू:
लोखंडी दांडी, टोकाला बेअरिंग, दांडीवर सरकतं वजन.
मल्लेशम गाजूल, जॉबर, खुर्चीच्या कडेवर,
बोटांच्या रेघांत सव्वीस वर्षांचं ऑइल.

बीम सुतानं भरलेलं असतं तेव्हा ताण बरा.
विणत जाईल तसं ते बारीक होतं, ताण चढतो,
तार तुटते.
म्हणून दर तासाला कुणीतरी उठायचं
आणि साखळीला टांगलेली वीट एक खाच मागे सारायची.
गाजुलांच्या बापानं सारली, चुलत्यांनी सारली,
अख्ख्या पूर्व भागानं सारली, रात्रपाळीत डोळे चोळत.

आता बेअरिंग बीमच्या पोटावर टेकतं.
पोट खपाटीला गेलं की दांडी झुकते,
वजन आपलं आपण मागे येतं.
माणूस झोपू शकतो. बास, एवढाच शोध.
अर्ज जाईपर्यंत अकरा महिने
गाजुलांनी तो टॉवेलाखाली झाकून ठेवला,
सख्ख्या मेहुण्यालाही दाखवला नाही.

पडद्यावरचे साहेब म्हणाले,
दस्तऐवज एक, सरकत्या वजनाचा काटा, फार जुना.
दस्तऐवज दोन, जर्मन, बीमचा घेर चाचपणारं बोट.
दोन्ही जोडले की तुमचं यंत्र.
या विषयातल्या निष्णात माणसाला हे उघडच होतं.

त्या निष्णात माणसाला मी महिनाभर शोधत होते.
जगातला प्रत्येक कागद त्यानं वाचलाय,
जपानीसुद्धा.
त्याला भूक नाही, मालक नाही, उचल घेतलेली नाही,
आणि डोक्यात कधी भलतंच काही येत नाही.
अशोक चौकातल्या चहावाल्याला विचारलं,
तो म्हणाला, असला माणूस आमच्याकडं उधारी ठेवत नाय.
मागवाल्यांना चित्र दाखवलं.
सगळे म्हणाले, हात्तिच्या, त्यात काय एवढं!
मग केलं का नाही? विचारलं,
तर एक म्हातारे यंत्र बंद करून बराच वेळ
विटेकडं बघत राहिले.

मी साहेबांना म्हटलं,
कळसा काखेतच होता, मान्य.
पण गाव वळसे घालत होतं तो काळ मोजा.
प्रश्न ‘करू शकला असता’ हा नाही.
‘केलं असतं का’ हा आहे.
दोन वाक्यांत एका ‘शक’चा फरक,
आणि माझी सगळी फी त्या फटीत.

साहेबांनी चष्मा काढला.
गाजूल, तुम्हीच सांगा. सुचलं कसं?

मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.
ते बोललेच.

बायको विड्या वळती, साहेब.
कारखान्यात पाला मोजून देतेत.
मुनीम अंगठ्यानं काट्याचं वजन हळूच सारतो,
पाला कमी येतो, विड्या मात्र हजारच पाहिजेत.
त्या दिवशी ती घरी येऊन रडली.
रात्री वीट सारताना मला तो अंगठा दिसलाला.
म्हटलं, सारायला माणूस कशाला,
बीमलाच अंगठा फुटू दे.

माझ्या पोटात गोळा.
दस्तऐवज एक त्यांनी स्वतःच्या तोंडानं
दस्तऐवज दोनच्या हातात दिला होता.
पण त्या दोघांच्या मध्ये एक बाई रडत होती,
आणि ती कुठल्याच कागदात नव्हती.

पलीकडं टाइप केल्याचा आवाज. थांबला.
पुन्हा.
आदेश राखून ठेवतो, साहेब म्हणाले. पडदा काळा.

काय बघलालाव मॅडम, चुकलं का माझं?
मला सांगता आलं नाही.
खाली झेरॉक्सच्या पोरानं टॉवेल उघडून
वजन बोटानं मागेपुढे केलं.
एवढंच होय, म्हणाला.
गाजूल हसले. वस्तू परत गुंडाळली,
कोपऱ्यांना दोन गाठी मारल्या,
आणि वर तिसरी.